देवाच्या वेलाचं बी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, फिकट हिरवा, मुठीपाशी रंग उडालेला. सुरू होताना मी जरा अंग झटकतो आणि पोटातल्या काचेच्या नळ्या किणकिणतात. नवे विद्यार्थी दचकतात. जुने म्हणतात, "काही नाही रे, म्हातारा खोकला." मला राग येत नाही. रागावणं हे इस्त्रीचं नाहीतर शेगडीचं काम. मी थंड डोक्याचा.

हल्ली माझा मुक्काम एका कृषी महाविद्यालयात, पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत आहे. माझ्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवू नयेत'. ज्यानं उभं आयुष्य लोकांचं दूधदुभतं सांभाळलं, त्याच्या कपाळावर असं लिहावं, याचं सुरुवातीला फार वाईट वाटलं. आता वाटत नाही. पाटी बरोबर आहे. माझ्या पोटात खरबुजांचा एक रोग झोपलेला आहे. या रोगाला काल-परवापर्यंत जगात नाव नव्हतं. ते नाव मिळेपर्यंत बेलापूरच्या एका सरळ माणसाचं नाव मात्र पार मातीत गेलं होतं. तीच गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. पत्रा वाकवल्याचा आवाज आणि तांब्याच्या नळ्या, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते श्रीरामपूरच्या दुकानातून मला टेम्पोत घातलं तेव्हा. सायमन उजागरे आणि मरियाबाई या नवराबायकोनं मला विकत घेतलं होतं. वाटेत ओरखडा पडू नये म्हणून मरियाबाईंनी मला घरची गोधडी गुंडाळली होती. बेलापूरला पोचल्यावर लगेच माझी पिन लावली नाही. आधी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावणं गेलं. घरात नवी वस्तू आली की आभारप्रार्थना करायची, ही त्या घराची रीत. पाळकसाहेबांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, या घरातलं अन्न नासू नये, आणि या घरातल्या माणसांची मनंही नासू नयेत." सगळे 'आमेन' म्हणाले. मग मी पहिल्यांदा गुरगुरलो आणि पोरं टाळ्या पिटायला लागली.

अन्नाचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मन लावून केलं. गल्लीत मी एकटाच होतो. कुणाच्या सुईच्या औषधाची बाटली माझ्याकडे असे, कुणाच्या लेकराच्या कपाळावर ठेवायला बर्फ माझ्याकडून जाई. मरियाबाई दर शनिवारी मला कोमट पाण्यानं पुसत. त्यांची धाकटी मुलगी शॅरन मात्र माझं डोकं खाई. दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे तिला बघायचं असे. दार लावलं तर दिसणार कसं? ती किलकिलं करून बघे, झटक्यात उघडून बघे. शेवटी दाराच्या कडेला असलेलं बटण तिला सापडलं. ते बोटानं दाबलं आणि दिवा विझला, तेव्हा ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. सायमनभाऊ ओरडले, "अगं, दार उघडं ठिवू नये. थंडावा जातो सगळा." हे वाक्य मी त्या घरात रोज ऐकलं.

आता बियाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथूनच निघालं.

सायमनभाऊंच्या आजोबांच्या काळी प्रवरेच्या पात्रात वाळू होती आणि त्या वाळूत खरबुजांचे वाफे लागत. नदीतली वाळू गेली, पण उजागऱ्यांनी ते खरबूज सोडलं नाही. मळ्यातल्या काळ्या मातीत ते लावत राहिले. फळ लहान, सालीवर जाळी, आणि पिकलं की घरभर वास. बाजारात ते चालत नसे, कारण दोन दिवसांत मऊ पडे. पण चर्चमध्ये त्याचा मान मोठा होता. ईस्टर झाला की सुगीचा सण येई. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो वेदीपुढे आणून ठेवी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होई आणि पैसे मंडळीच्या कामाला जात. उजागऱ्यांच्या खरबुजावर बोली चढत असे. बोली लावायला नुसते ख्रिस्तीच नव्हे, सगळं गाव येई. ज्याला फळ मिळे तो ते तिथेच कापून सगळ्यांना फोड-फोड देई, आणि बायका बी पदरात बांधून घरी नेत. राखेत घोळून सावलीत वाळवत. पुढच्या हंगामात खरबुजाच्या प्लॉटच्या कोपऱ्यात त्यातल्या दोन-तीन बिया टाकत. त्या वेलाला 'देवाचा वेल' म्हणत. त्याचं फळ विकायचं नाही. ते पुन्हा सणाला आणायचं.

मूळ बी मात्र माझ्याकडे असे. एका कॉफीच्या बाटलीत, दारातल्या वरच्या कप्प्यात.

त्याच काळात माझ्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेमध्ये, आणखी एक बी येऊन राहिलं. शेजारच्या मच्छिंद्रनं रोपवाटिका सुरू केली होती. चार बांबू, वर हिरवी जाळी, बस. संकरित बियाण्याची महागडी पाकिटं उन्हात ठेवायची सोय नव्हती आणि त्याच्याकडे फ्रिज नव्हता. तो दारात घुटमळत उभा राहिला तेव्हा मरियाबाई म्हणाल्या, "उभं कशाला ऱ्हाता भावजी? भाजी सरकवते, ठिवा तुमची पाकिटं." तीन-चार हंगाम ती पाकिटं माझ्याकडे राहिली. पुढे मच्छिंद्रची शेड मोठी झाली, दुहेरी दारं आली, जाळ्या आल्या, त्याचा स्वतःचा फ्रिज आला. त्याच्या रोपांचे ट्रे कर्जत-जामखेडपर्यंत जायला लागले. त्या दिवसांत मला वाटे, एका दाराआड दोघांचं बी नांदलं, आता यांच्यात काय वाकडं येणार!

मित्रांनो, वस्तू म्हातारी झाली की घरात तिची जागा मागे-मागे सरकते. उजागऱ्यांकडे दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि मी पडवीत गेलो. माझ्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रं आली, बाजूला कोंबड्या बसायला लागल्या. शनिवारचं पुसणं बंद झालं. मी चालू होतो तो फक्त त्या कॉफीच्या बाटलीसाठी. नव्या फ्रिजचं दार सारखं उघडतं, तिथं बियाला धक्का बसेल, असं सायमनभाऊंचं म्हणणं.

तेव्हा शॅरन शिकून प्रयोगशाळेत लागली होती. तिथे जिवाणूंच्या नळ्या ठेवायला वेगळा फ्रिज हवा होता आणि तो लवकर मिळण्याची चिन्हं नव्हती. ती मला न्यायला आली. सायमनभाऊंनी मला टेम्पोत चढवलं, पण बाटली बाहेर काढली नाही. म्हणाले, "बी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. हितं लाइट जाती. तिकडं जनरेटर हाय. लावायच्या टायमाला घिऊन येत जा." शॅरननं मान डोलावली. प्रयोगशाळेच्या प्रमुख रुचा मॅडमनी बाटलीकडे बघून भुवई उंचावली. 'घरचं आहे, दारातच राहील,' असं शॅरन म्हणाली आणि तो विषय तिथेच राहिला.

पुढच्याच उन्हाळ्यात मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, सलग आणि वाऱ्याचा. त्यानंतर सायमनभाऊ एक पोतं घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांनी ते टेबलावर रिकामं केलं. बाजारासाठी लावलेली मोठी खरबुजं होती ती. सालीवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग, डागाच्या खाली गर सडलेला. मला वास कळत नाही, पण रुचा मॅडमनी खिडकी उघडली.

"समद्या गावाची हीच गत हाय," सायमनभाऊ म्हणाले. "आन समद्यांची रोपं मच्छिंदरची. त्यानं घात केला आमचा. बाहेरनं सडकं बी आणलं आन आमच्या गळ्यात मारलं. तू तपास आन लिहून दे."

"तपासते. पण पप्पा, तपासायच्या आधी कुनाचं नाव घेऊ नका."

"नाव घ्यायचं काय ऱ्हायलंय आता? काल पारावर घेतलं मी. समद्या गावापुढं घेतलं."

शॅरन त्या आठवड्यात गावाला जाऊन आली आणि तिनं जे पाहिलं ते रुचा मॅडमना सांगितलं. लोकांनी रोपांचे रिकामे ट्रे मच्छिंद्रच्या फाटकापुढे आणून टाकले होते. ढीग झाला होता. मागणी दिलेल्यांनी ती मोडली होती. मच्छिंद्र पारावर यायचा बंद झाला होता. तो तिला एवढंच म्हणाला होता, "पोरी, तुझ्या पप्पांनी म्हनायला नको हुतं. दुसरा कुनी बोलला असता तर गावानं ऐकलं नसतं." खरं होतं ते. सायमन उजागरे खोटं बोलत नाही, हे सगळ्या बेलापूरला माहीत होतं. म्हणून तर त्या शब्दाला वजन आलं.

आता तुम्हाला रोग कसा ओळखतात ते सांगतो. माझ्या देखत झालेलं आहे सगळं. डागाच्या कडेचा अगदी बारीक तुकडा काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्या तुकड्यातून दुधी धूर निघावा तसं काहीतरी पाझरताना दिसतं. तो धूर म्हणजे लाखो जिवाणू. त्यातला टिपूस घेऊन चायना ग्राससारख्या जेलीच्या बशीवर ओढायचा आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांत बशीवर फिकट ठिपके उगवतात. एक ठिपका म्हणजे एका जिवाणूचं गोकुळ. तो एकटा उचलून पुन्हा वाढवायचा. मग तोच जिवाणू निरोगी रोपाला टोचायचा. रोप तसंच आजारी पडलं आणि त्यातूनही तोच जिवाणू निघाला, तरच तो गुन्हेगार. या सगळ्या बशा पालथ्या घालून माझ्याकडे ठेवत. थंडीत ते जिवाणू निजून राहत. खरं सांगायचं तर मला त्यांच्यात दुष्ट असं काही दिसलं नाही. आपण कुणाच्या पिकात शिरलो, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

खरबुजाला सडवणारा एक जिवाणू आधीपासून माहीत होता. सगळ्यांना वाटलं तोच असणार. नमुने पुण्याला गेले, त्यांची जनुकं वाचली गेली. निकाल आला त्या दिवशी रुचा मॅडम माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

"शॅरन, हा तो नाही."

"मग कोणता आहे?"

"जवळचा भाऊबंद आहे. पण हा वेगळा. याची नोंद अजून कुठेच नाही."

शोध लागला की लोक पेढे वाटतात, असं मी ऐकलं होतं. इथे कुणी वाटले नाहीत. नवा जिवाणू म्हणणं सोपं नसतं. त्याला त्याच्या सगळ्या भाऊबंदांच्या शेजारी उभं करून वेगळेपण दाखवावं लागतं. जिवंत नमुना दोन देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणजे कुणालाही तो मागवून पडताळता यावा. ते काम पुढे वर्षभर चाललं. शॅरनच्या मनात मात्र वेगळाच घोर होता. हा आला कुठून?

मच्छिंद्रनं तिला त्याच बियाण्याची न फोडलेली पाकिटं दिली होती. ती तिनं तपासली. स्वच्छ निघाली. कर्जतकडच्या हनुमंत नावाच्या शेतकऱ्यानं त्याच खेपेची रोपं नेली होती, पाऊस तिकडेही झाला होता, आणि त्याचा माल निरोगी, गोड. तिनं हे वडिलांना फोनवर सांगितलं. फोनमधून आवाज आला, "कर्जतचं पानी येगळं, माती येगळी. तू त्याची बाजू घिऊ नको." तिनं फोन ठेवला. बेलापूरच्या विहिरींचं पाणी तपासलं, माती तपासली. काही हाती लागलं नाही. वर्ष संपत आलं. मच्छिंद्रनं अर्धी शेड उतरवली असं कळलं.

जानेवारीत मरियाबाईंचा फोन आला. लावणीची वेळ झाली होती. "पप्पा म्हनत्यात, येताना बी घिऊन ये. देवाचा वेल लावायचाय."

शॅरननं माझं दार उघडलं आणि बाटली हातात घेतली. मग ती तशीच उभी राहिली. दार सताड उघडं, माझा थंडावा चाललेला, आणि ती हलेना. लहानपणी दिव्याचं बटण सापडलं तेव्हा अशीच उभी होती.

बेलापूरचा एकूण एक आजारी प्लॉट ती पायी फिरली होती. पानं तोडली होती, फळं उचलली होती. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यात देवाचा वेल होता. हिरवागार, पानांवर चार-दोन ठिपके, फळं साजरी. त्याचं पान तिनं एकाही ठिकाणी तोडलं नव्हतं. तिनं तोडायचं टाळलं असंही नाही. तिच्या हाताला ते सुचलंच नव्हतं. त्या गावात वाढलेल्या कुणालाच सुचलं नसतं. आणि कर्जतच्या हनुमंतच्या रानात देवाचा वेल नव्हता.

तिनं बाटलीतलं थोडं बी कुटलं, पाण्यात भिजवलं, बशीवर ओढलं. बशीवर फिकट ठिपके उगवले. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. जनुकं वाचून आली, तीही तीच. ते जुनं खरबूज हा रोग कोण जाणे किती वर्षं अंगावर वागवत होतं आणि त्याला तो सोसतही होता. नव्या नाजूक जातींना तो सोसला नाही. पावसाच्या थेंबांबरोबर कोपऱ्यातल्या वेलावरून तो साऱ्या रानात उडाला.

शॅरननं बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि तिच्यावर लाल चिठ्ठी लावली, जिवाणूंच्या नळ्यांवर असते तशी. घरी कळवलं, सध्या बी आणत नाही. कारण सांगितलं नाही. नंतर कितीदा तरी ती माझं दार उघडून पुटपुटत उभी राही. वडिलांना कसं सांगायचं, त्याची ती तयारी होती. दर वेळी 'पप्पा' या शब्दाच्या पुढे तिला जाता येत नसे.

मग एके दुपारी सायमनभाऊ स्वतःच आले. एसटीतून उतरून उन्हातून चालत आलेले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. त्यांना तहान लागली होती. त्यांनी सवयीनं, आपल्या घरातला फ्रिज उघडावा तसं मला उघडलं. पाटी वाचलीच नाही. पाण्याची बाटली शोधायला त्यांनी दाराच्या कप्प्यात हात घातला आणि हाताला आपलीच बाटली लागली.

तेवढ्यात शॅरन आली. "पप्पा, तिला हात लावू नका."

"का? माझीच हाय की. न्यायलाच आलोय." त्यांनी वरचा कप्पा बघितला, नळ्या बघितल्या, मग बाटली. "लाल चिठ्ठी कशापायी लावली हिला?"

शॅरननं बाटलीसाठी हात पुढे केला.

"शॅरन, मी इचारतोय."

"पप्पा, रोग मच्छिंद्रकाकांच्या रोपात नव्हता. तो आपल्या बियात हाय."

सायमनभाऊ हसले. ते हसणं लगेच विझलं. "देवाच्या बियात रोग? आन आपल्या वेलाला तर काय न्हाई झालं."

"त्याला सोसतो, पप्पा. तो मरत न्हाई, नुस्ता रोग पसरवतो."

"पर देवाचं बी..."

"देव काय करंल त्याला? बी तर आपुनच धरलं हुतं."

माझी मोटर चालू झाली. एरवी त्यांनी दार लावलं असतं. आज उघडंच होतं.

"हे कुनाकुनाला ठाव हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला आन मॅडमला."

"छापनार तुमी?"

"छापावं लागंल. तुमचं नाव न घालता छापता येतं, पप्पा. पण मच्छिंद्रकाकांचं नाव तर गावानं आधीच घातलंय."

मग सायमनभाऊंनी बाटली जागेवर ठेवली आणि माझं दार लावलं, अगदी हळू, मरियाबाई लावत तसं. पाणी न पिताच ते गेले. मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांना गार पाणी दिलं. पण त्या दिवशी ज्याला सगळ्यात जास्त गरज होती त्याला देता आलं नाही, याची खंत मला अजून आहे.

पुढचं मला शॅरनच्या तोंडून कळलं. त्या रविवारी उपासना संपल्यावर सायमनभाऊ उभे राहिले. ज्यांच्या घरी देवाच्या वेलाचं बी आहे त्यांनी ते आणून द्या, म्हणाले, आणि का ते सांगितलं. मग तिथून उठून थेट पारावर गेले. जिथे आरोप केला होता तिथेच उभे राहून म्हणाले, "मच्छिंदरची रोपं चांगली हुती. रोग माझ्या बियातनं आला. मी न तपासता बोललो." कुणीतरी म्हणालं, राहू द्या हो, झालं गेलं. ते म्हणाले, "न्हाई. पिकाचं झालं ते तुमी इसरला तर चालंल, पर मी त्याच्यावर खोटा आळ घेतला ते इसरू नका." मरियाबाईंनी घरोघरचं बी गोळा केलं आणि ते जाळलं. जाळताना त्या रडल्या. पिढ्यान् पिढ्या राखेत घोळून जपलेलं बी शेवटी राखेलाच गेलं.

मच्छिंद्र पारावर नव्हता. सायमनभाऊ त्याच्या दारात गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि तो आत निघून गेला. त्याची बायको दिपाली हिनं पाण्याचा तांब्या दिला, तेवढाच.

आता उरली होती ती माझ्या दारातली बाटली. रुचा मॅडम म्हणाल्या की हे बीही नष्ट करावं, नाहीतर औषधात बुडवून, बंदिस्त शेडमध्ये, एकेक रोप तपासत वाढवावं. बहुतेक रोपं फेकावी लागतील. एखादं स्वच्छ निघालं तर हे खरबूज वाचेल. तशी दुहेरी दारांची शेड जवळपास एकाकडेच होती, तीही आता अर्धी. शॅरननं मान खाली घातली. "त्यांना कोणत्या तोंडानं विचारू, मॅडम?"

विचारावं लागलं नाही. दहा-बारा दिवसांनी मच्छिंद्र एकटाच प्रयोगशाळेत आला. खूप वाळला होता. मी त्याला ओळखलं आणि त्यानंही मला. "आरं, हा तर त्योच," म्हणत त्यानं माझ्या दारावर हात ठेवला. मग शॅरनला म्हणाला, "दे ती बाटली."

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं." त्याचा हात अजून माझ्या दारावरच होता. "तुझे पप्पा दारात आले तवा मी आत गेलो. राग हुता. अजून हाय, उगं कशाला खोटं बोलू? पर बियानं काय केलंय? माझ्याजवळ काय न्हवतं तवा वैनींनी भाजी सरकवून माझं बी ह्याच्यात ठिवून घेतलं. तुझं बी कसलं हाय म्हून इचारलं न्हाई. मी इचारून, तपासून ठिवून घेतो. एवढाच फरक."

शॅरननं माझं दार उघडलं. तिनं बाटली त्याच्या हातात दिली.

त्या वर्षी सुगीच्या सणाला वेदीपुढची उजागऱ्यांची जागा रिकामी होती. सायमनभाऊंनी तिथे दुसरं काही ठेवलं नाही. ते दिवसाआड मच्छिंद्रच्या शेडवर जातात, बाहेरच्या दारात पाय धुतात आणि सांगितलं तेवढं काम करतात. दोघांत बोलणं फारसं होत नाही. बरीचशी रोपं फेकली गेली. काही स्वच्छ निघाली आहेत. मच्छिंद्रची गिऱ्हाईकं परत येत आहेत, सगळी नाही. नाव घालवायला एक दुपार लागली होती, परत मिळायला वर्षं जातील.

आणि त्या जिवाणूलाही नाव मिळालं. जिथे सापडला त्या गावाचं नाव द्यायची पद्धत आहे, असं रुचा मॅडम म्हणाल्या. शॅरन म्हणाली, "नको मॅडम. एका माणसाचं नाव आम्ही उगाच खराब केलं, आता गावाचं नको." मग त्याच्या फिकट रंगावरून नाव ठेवलं. त्याची एक नळी माझ्याकडे आहे. दारातला वरचा कप्पा मात्र मोकळाच आहे. तिथे शॅरन काही ठेवत नाही.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस राहिलेत. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं जुनं ते जरूर जपा. पण ते कधीतरी उजेडात धरून, नीट बघून जपा. मी आयुष्यभर जपण्याचंच काम केलं. माझ्या दाराआड चांगलं बी टिकलं, तसा रोगही टिकला. काय ठेवायचं आणि काय नाही, हे मला कळत नाही, ते तुम्हीच बघायचं असतं. आणि कधी काही नासलं, सडलं, आणि कुणाचं तरी नाव तुमच्या ओठांवर आलं, तर पारावर जाण्याआधी एकदा आपल्या घरचं दार उघडून आत बघा. तेवढ्यासाठी ते थोडा वेळ उघडं राहिलं आणि थंडावा गेला तरी चालेल.